मक्यातला भोंगा

माझ्या भावानं आमच्या मेलेल्या मायला मक्यात राखणीला उभं केलंय, हे मला भावजयीनं फोनवर सांगितलं, आणि तेही हसत हसत. "अक्का, आत्याबाई अजून रोज वावरात ओरडतात, अख्खं गाव ऐकतं," म्हणाली. मी तेव्हा नर्सरीत पोरांचे डबे उघडून देत होते. हातातलं झाकण हातातच राहिलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला राग काही पहिल्यांदा येत नव्हता.

आधी भोंगा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर मीच वेडी वाटेन. आमचं गाव नरडाण्याच्या पलीकडे. कापूस आणि मका. मक्याची कणसं दुधात आली की दिवसा पोपट आणि संध्याकाळ झाली की रानडुकरं. पूर्वी माणसं वावरातल्या माळ्यावर बसायची, गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायची, घसा फुटेस्तोवर ओरडायची. आता माणसं मिळत नाहीत म्हणून लोकांनी भोंगे लावलेत. एका बांबूवर डबा, वर सोलरची पाटी, बाजूला कर्णा आणि आत नखाएवढं मेमरी कार्ड. थोडा वेळ गप्प, मग आपोआप वाघाची डरकाळी. पुन्हा गप्प, मग कुत्री. मग फटाके. मग माणसाचं ओरडणं. संध्याकाळी गावाबाहेर उभं राहिलं तर सर्कस उतरलीय असं वाटतं.

भावानं धुळ्याहून आणलेल्या भोंग्यातल्या कार्डात जो माणूस ओरडायचा तो आपल्याकडचा नव्हता. हाड नाही, हुर्र नाही, भलतंच काहीतरी लांबलचक, सुरात, शेवटी हेलकावा देऊन. दुकानदार म्हणाला, माल दक्षिणेकडून येतो, तेलगू असेल. पहिल्या दोन-चार दिवसांनंतर डुकरांनी त्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाऊ पारावर बसून सगळ्यांना सांगायचा, "आपला डुकरेसले तेलगू समजस नई." लोक खो खो हसायचे. माझा भाऊ तसा विनोदी आहे. कामाच्या बाबतीत मात्र सगळी बोंब.

प्राण्यांच्या आवाजाचं आणि माझं वैर जुनं आहे, कारण माझी भाकरीच त्याच्यावर आहे. जळगावातल्या एका कॉलनीत मी नर्सरीच्या पोरांना शिकवते. वर्गात भिंतभर एक चकचकीत तक्ता आहे. त्यात गाय 'मू' म्हणते, बदक 'क्वॅक' म्हणतं आणि कोंबडा म्हणतो 'कॉक-अ-डूडल-डू'. कोणता कोंबडा असं म्हणतो, एकदा माझ्यासमोर आणा म्हणावं! त्याच तक्त्यावर एक गुलाबी डुक्कर आहे, आंघोळ करून पावडर लावलेलं, आणि ते 'ऑइंक' म्हणतं. रानडुक्कर पाहिलंय का कधी त्या तक्ता छापणाऱ्यानं? काळं, केसाळ, मानेवर ताठ केस आणि नाकातून असा फूत्कार की माणूस जागच्या जागी गार. मराठीत गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो. डुकराचा आवाज कसा लिहायचा याची मात्र कोणाला हौस नाही.

पहिल्याच आठवड्यात मी पोरांना विचारायची, कोंबडा कसा ओरडतो? आमच्या कॉलनीत सगळीकडची माणसं. मराठी पोरं म्हणायची कुकूच कू. कारखान्यात काम करणाऱ्या हिंदी माणसाची पोरगी कुकडू कूं म्हणायची. कापडदुकानवाल्या गुजराती घरातला एक गोल चेहऱ्याचा मुलगा ठामपणे कूकडे कूक म्हणायचा, आणि बाकीचे त्याला हसले की रडायचा. कावळाही त्याच्या घरी नुसता का का करायचा, आमच्यासारखा काव काव नाही. कोंबडा एकच, गळा एकच, पण प्रत्येकाच्या कानावर त्याच्या घरची भाषा बसलेली. मला हे फार आवडायचं. मुख्याध्यापिका बाईंना नाही आवडायचं. त्या दारात येऊन म्हणायच्या, "मॅडम, तक्त्यावर काय लिहिलंय तेच म्हणवून घ्या. पालक पैसे देतात." मग मी दात-ओठ खात तीस पोरांकडून डूडल-डू म्हणवून घ्यायची. घरी गेल्यावर नवऱ्यावर ओरडायची. बिचाऱ्याचा काही संबंध नसायचा.

माय एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आली होती. टाके नव्हते, काळा चष्मा होता, आणि घरात बसवत नव्हतं म्हणून माझ्याबरोबर शाळेत आली. कोपऱ्यात खुर्चीवर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं. येताना रिक्षात म्हणाली, "कोंबडा काय म्हनस ते सोड. तू कोंबडाले काय म्हनस?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, जनावर त्याच्या तोंडानं बोलतं, ते आपल्या हातात नाही. आपण त्याच्याशी काय बोलायचं ते पोरांना शिकव, उपयोगी पडेल.

तिच्याकडे प्रत्येकासाठी वेगळा शब्द होता. कोंबड्यांना दाणे टाकायचे तर 'तीऽ ती ती ती'. कुत्र्याला जवळ घ्यायचं तर 'यू यू', अंगावर सोडायचं तर 'छू', हाकलायचं तर 'हाड'. मांजराला 'शुक'. म्हशीला पाण्यावर नेताना 'हैक', आणि दूध काढताना गळ्यातल्या गळ्यात एक गुणगुण, जी लिहिता येत नाही. पोपट उडवायला 'हुर्र्याऽ', आणि तो तिचा 'हुर्र्याऽ' असा सणसणीत की शेजारच्या वावरातले पोपटही उडायचे. बाई उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण आवाज पार नाल्यापलीकडे जायचा. लहानपणी तिच्या त्या आवाजाची मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची, कारण आम्हाला जेवायला बोलवायचीसुद्धा ती त्याच आवाजात.

सगळा जन्म त्या बाईनं राखण केली. वडील लवकर गेले, मग ती माळ्यावर चढली ती उतरलीच नाही म्हणा. गुडघे गेले तरी दुपारी वावरात. मी किती वेळा भावाला बोलले, अरे, म्हातारीला आता बसव घरी, नाहीतर माझ्याकडे पाठव. तो म्हणायचा, ती ऐकते का? नसेल ऐकत. पण ऐकवायचं काम त्याचं होतं, आणि त्याला तिची राखण सोयीची होती, हे मी त्याच्या तोंडावर बोललेय. त्यावरून आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सणाला मी गेले तरी मी मायशी बोलायची, भावजयीशी बोलायची. तो ओट्यावर, मी चुलीपाशी.

तर गेल्या वर्षी, तेलगू माणूस नापास झाल्यावर, भावानं मायलाच कार्डात घातलं. तेव्हा ती जिवंत होती, धडधाकट होती, आणि तिनं स्वतः मला फोन करून सांगितलं, "माले नोकरी लागनी!" खळ्यात उभं करून त्यानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि ओरड म्हणाला. ती ओरडली. आता ओरडणं ऐकून कोंबड्यांना वाटलं दाणे मिळणार, त्या सगळ्या पायात आल्या. हातात काही नसतानाही हिची सवय, हाड हाड म्हणता म्हणता मध्येच 'तीऽ ती ती ती' म्हणून गेली. आमच्या शहाण्यानं तेवढं कापायचे कष्ट घेतले नाहीत. तसंच्या तसं कार्डात. म्हणजे भोंगा आधी डुकरांना शिव्या देतो आणि मग प्रेमानं जेवायला बोलावतो. गावभर हसू झालं. माय सगळ्यात जास्त हसली. तोपर्यंत मीही हसले, खोटं कशाला बोलू.

थंडीत माय गेली. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, भोंगा घरातच कुठेतरी अडगळीत पडला असेल म्हणून मी विसरून गेले. आणि आता, नव्या मक्याच्या वेळी, या माणसानं तोच भोंगा काढला, तेच कार्ड, आणि लावला बांबूवर! मेल्यावर तरी त्या बाईला बसू द्याल की नाही? ऊन-वाऱ्यात तिला उभी करून पुन्हा डुकरं हाकायला लावली. भावजय म्हणाली, म्हैस तिकडे कान टवकारून बसते, धार देत नाही. पोरं भोंग्याखाली उभी राहून तिची नक्कल करतात. लोक म्हणतात, म्हातारी मेली पण ड्युटी सोडली नाही. हे सगळं ती हसून सांगत होती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि एसटी पकडली. अमळनेरपर्यंत माझ्या शेजारी एक पोरगी, मांडीवर बाळ, बाळाच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये गाय 'मू, मू, मू'. बाहेर शेतात खऱ्या गाई चरत होत्या. मी म्हटलं, "अगं, खिडकीबाहेर दाखव की त्याला. ते बघ, हम्मा." ती म्हणाली, "काकू, तो हेच बघतो, नाहीतर रडतो." मी म्हटलं, "मग रडू दे." तिनं तोंड वाकडं केलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. बरंच झालं. मला कोणाशीतरी भांडायचंच होतं, पण ज्याच्याशी भांडायचं तो इथे नव्हता.

गावात उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घरी न जाता सरळ वावराची वाट धरली. म्हटलं, आधी ते कार्ड हातात घेते, खिशात घालते, मग तोंड उघडते. कार्ड मला हवं होतं, हेही सांगून टाकते. माझ्या फोनमध्ये मायचा एक शब्द नाही. फोटो ढीगभर, लग्नातले, ऑपरेशनचे, काळ्या चष्म्यातले. आवाज नाही. रोज रात्री तिच्याशी बोलायची, पण ते कोण कशाला साठवून ठेवतं? आणि त्याच्याकडे होता, तर त्यानं तो बांबूला टांगला. या रागावर मी आयुष्य काढलं असतं.

नाल्यापाशी आले आणि ऐकू आलं.

"हाड! हाड! निंघ आठून! लाज वाटस का नई तुले?"

पाय जागीच थांबले. भोंग्यामुळे आवाज थोडा पत्र्याचा झाला होता, पण तीच. तोच 'निंघ'वरचा जोर, तेच वाक्य संपताना श्वास कमी पडणं. मग जरा थांबून, एकदम वेगळ्या, मऊ आवाजात, 'तीऽ ती ती ती'. मी तिथेच ओरडले, "बंद कर! बंद कर ते आधी!" कोणाला ओरडले कुणास ठाऊक. आजूबाजूला कोणी नव्हतं, नुसता मका.

भाऊ बांबूजवळच बांधावर बसला होता. टोपी गुडघ्यावर. मला बघून उठला, "अक्का?" एवढंच म्हणाला. दोन वर्षांत त्यानं मला मारलेली ती पहिली हाक. मी सरळ डब्यापाशी गेले, पाटीकडून आलेली वायर दिसली, ती खसकन ओढली. कर्णा 'खर्र' करून गप्प झाला.

"लाज वाटते का?" मी म्हटलं. "जिवंतपणी राबवलीस ते कमी पडलं? मेल्यावरही तिला उभी ठेवलीस? लोक हसतात तिला, पोरं नकला करतात, आणि तू इथं बसून ऐकतोस? तुझं काय तुटलं असतं रे दुसरं कार्ड आणलं असतं तर?"

मला तो गप्प बसला की जास्त चढतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तरी गप्पच बसतो. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, काही बोलायला नको होतं असंही नाही. बोलता बोलता माझं लक्ष खाली गेलं. बांबूच्या भोवतीचा मका आडवा झाला होता. पार झोपलेला. कणसं कुरतडून टाकलेली, माती उकरलेली, आणि ओल्या मातीत डुकरांचे खूर, मोठे आणि पिलांचेही. भोंग्याच्या अगदी खाली. जणू तिथेच पंगत बसली होती.

"हे बघ!" मी म्हटलं. "हे बघ तुझ्या अकलेचे दिवे! ती वर ओरडतेय आणि डुकरं तिच्या पायाशी जेवतायत! एकही डुक्कर पळत नाही तुझ्या या भोंग्याला. दिसत नाही तुला?"

"माले माहीत शे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

गेल्या वर्षीपासूनच, असं त्यानं सांगितलं. माय होती तेव्हाच डुकरांना समजून गेलं होतं की ही म्हातारी नुसती ओरडते, खाली उतरत नाही. त्यानं तिला सांगितलं नाही. नोकरी लागली म्हणून ती खूश होती.

"मग आता कशाला? आता कोणाला खूश करायचंय?"

तो परत बांधावर बसला, टोपी झटकून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. मग हळूहळू सांगायला लागला. त्या दिवशी खळ्यात मोबाइल धरल्यावर माय ओरडेचना. समोर डुक्कर नाही, पोपट नाही, मी कोणावर ओरडू, म्हणाली. हवेत ओरडायला मी काय वेडी आहे? दोन-तीनदा प्रयत्न झाला, नुसतं हसू येत होतं तिला. तेव्हा हा म्हणाला, माझ्यावर ओरड. मी समोर उभा आहे, मी काय कमी आहे, ओरड माझ्यावर. आणि ती सुरू झाली. शेतावर उशिरा जातो त्यावर, बहिणीशी बोलत नाही त्यावर, चहा पिऊन कप तसाच ठेवतो त्यावर, सगळं. त्यानं त्यातलं 'हाड' आणि 'निंघ' आणि 'लाज वाटस का' तेवढं ठेवलं, घरातलं होतं ते कापलं. तेवढं कापायला त्याला येत होतं, म्हणजे कोंबड्यांचं त्यानं मुद्दाम ठेवलं होतं.

"ते डुकरेसले नई शे, अक्का," तो म्हणाला. "ते बठ्ठं माले शे."

मी वायर हातात धरून उभी होते.

"आते माले घरमा कोनी रागे भरस नई," तो म्हणाला, आणि इतका वेळ माझ्याकडे बघत होता तो दुसरीकडे बघायला लागला. माझा भाऊ पन्नाशीचा माणूस. केस पिकलेत. माझ्यादेखत तो वडिलांच्या वेळी रडला नव्हता, मायच्या वेळीही नाही. आताही रडत नव्हता, फक्त नाक ओढत होता, लहानपणी मार खाल्ल्यावर ओढायचा तसं.

मला त्याचा राग यायचा थांबला नव्हता. तो अजूनही येतो. मका गेला, माणसं हसली, आणि हा मूर्ख रोज संध्याकाळी इथे येऊन शिव्या खात बसत होता, आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. जळगावला फोन लावायला काय धाड भरली होती? मी नसते का ओरडले त्याच्यावर? पोटभर ओरडले असते. त्यासाठी भोंग्याची काय गरज होती?

हे सगळं मी त्याला बोलले नाही. वाकले आणि वायर परत लावायला लागले. पिन जाईना. तो उठला, माझ्या हातातून वायर घेतली आणि त्यानं लावली. कर्णा खरखरला. थोडा वेळ काहीच नाही. पोपटांचा एक थवा मक्यावरून गेला, आरामात, कोणाला न घाबरता. मी बांधावर त्याच्या शेजारी बसले, मध्ये हातभर जागा ठेवून.

मग माय ओरडली. "हाड! हाड! निंघ आठून! लाज वाटस का नई तुले?" भावानं मान खाली घातली, समोर उभी असती तर घातली असती तशीच. तिच्या त्या सगळ्या बोलण्यात माझ्या वाट्याचं काही नव्हतं. तरी मी कान देऊन ऐकत होते, कुठेतरी एक शब्द माझ्यासाठी निघेल म्हणून.

"आवाज वाढव," मी भावाला म्हटलं.